तकदीर, तदबीर आणि तह

मराठी भाषेने या प्रश्नात फार पूर्वीच बाजू घेऊन ठेवली आहे, असे आम्हाला कधी कधी वाटते. शतरंजला मराठीने नाव दिले बुद्धिबळ. पटावर जे काही बळ आहे ते बुद्धीचे, नशिबाला तिथे जागा नाही, असा निकाल त्या नावातच आहे. आणि सारीपाटावर फासे टाकल्यावर जे पडते त्याला मराठी माणूस म्हणतो 'दान'. दान म्हणजे दिलेले. कोणी तरी दिले, आपण ओंजळ पुढे केली. दोन खेळांच्या दोन शब्दांत माणसाविषयीची दोन मते एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत. उर्दूत त्यांना तकदीर आणि तदबीर म्हणतात, आणि जुम्याच्या बयानापासून लग्नाच्या दस्तरखानापर्यंत ही जोडी आपल्या कानांवर सतत पडत असते.

ती वापरण्याची आपली रीत मोठी सोयीची आहे. आपला मुलगा स्पर्धा परीक्षेत पास झाला की ती त्याची मेहनत. शेजाऱ्याचा झाला की नशीब, नाही तर वशिला. आपले दुकान बसले की मुकद्दर. दुसऱ्याचे बसले की त्याला धंद्याची अक्कल नव्हती. या हिशेबातली लबाडी आयुष्याच्या पसाऱ्यात चटकन दिसत नाही. खेळात ती दिसते, कारण तिथे पट लहान असतो, नियम सगळ्यांना ठाऊक असतात आणि कोणाला काय दान पडले हे चौघांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. साहित्याच्या अंकात सोंगट्या-प्याद्यांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच की आपल्या पूर्वसूरींनी हा विषय क्षुल्लक मानला नव्हता.

बगदादचा इतिहासकार अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, कोकणच्या किनाऱ्यावर आला होता. त्याने 'सैमूर' म्हणून उल्लेखलेले बंदर म्हणजे रायगड जिल्ह्यातले आजचे चौल. राष्ट्रकूट राजाच्या त्या मुलखात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आहेत तसेच इथेच जन्मलेलेही आहेत, त्यांच्या प्रमुखाला 'हुनरमन' म्हणतात, असे त्याने लिहून ठेवले. आपल्या मुळांचा पुरावा म्हणून हा मजकूर आपण अभिमानाने सांगतो. त्याच्याच 'मुरूज-उज-जहब' या ग्रंथातला दुसरा एक मजकूर मात्र फारसा कोणी सांगत नाही.

तो आहे बुद्धिबळ आणि नर्द यांच्याविषयी. नर्द हा दोन फासे आणि तीस सोंगट्यांचा इराणी खेळ, आजच्या बॅकगॅमनचा पूर्वज. मसऊदी सांगतो की इल्म-ए-कलामच्या काही पंडितांच्या मते बुद्धिबळ शोधणारा माणूस मुअतझिली विचाराचा असला पाहिजे. माणूस आपल्या कृतीचा मुखत्यार आहे, असे मानणारा. आणि नर्द शोधणारा जबरिया असणार. माणसाच्या हातात काही नाही, फासा जे सांगेल तेवढेच त्याला करता येते, असे मानणारा. नर्दच्या पटावरची बारा घरे म्हणजे वर्षाचे बारा महिने, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस दिवस आणि फासे म्हणजे तकदीर, असाही अर्थ त्या काळी लावला जाई. फिरदौसीच्या शाहनाम्यात तर याची कहाणीच आहे. हिंदुस्थानच्या राजाने इराणच्या नौशेरवान बादशहाकडे बुद्धिबळाचा पट पाठवला आणि हा खेळ उलगडून दाखवा असे आव्हान दिले. बुजुर्जमिहर या वजिराने तो उलगडला आणि उलट नर्दचा पट पाठवला. हिंदुस्थानने पाठवली अक्कल, इराणने परत केले नशीब! कहाणी खरी की खोटी, हा प्रश्न इथे गौण आहे. ज्या लोकांनी ती सांगितली त्यांना दोन खेळांत दोन तत्त्वज्ञाने दिसत होती, हे महत्त्वाचे.

फकीहांनाही ती दिसत होती. नर्दविषयी सहीह मुस्लिममध्ये कडक हदीस आहे आणि बहुसंख्य उलेमांनी तो खेळ हराम मानला. बुद्धिबळावर मात्र मतभेद झाले. हनफी आणि मालिकी फकीहांनी ते कडकपणे नापसंत केले. इमाम शाफईंच्या परंपरेने तुलनेने सौम्य भूमिका घेतली: पैज नसेल, नमाज चुकत नसेल, तोंडी शिवीगाळ नसेल तर ते मकरूह, हराम नव्हे. कोकणातले मुसलमान शाफई आणि दख्खनचे बहुतेक हनफी; म्हणजे घाटाच्या वर आणि खाली एकाच पटाला दोन फतवे लागू झाले, असे गमतीने म्हणता येईल. शाफई फकीहांनी दिलेली कारणमीमांसा लक्षात ठेवण्यासारखी आहे. नर्दचा आधार फासा काय दाखवतो यावर आहे, बुद्धिबळाचा आधार विचारावर आहे, म्हणून दोघांचा हुकूम एक नाही.

आता हे वाक्य बाजूला ठेवून आपल्या देशाचा कायदा पाहा. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, जो आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, केवळ कौशल्याच्या खेळांना सोडून देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. २०२० च्या टाळेबंदीत मोबाइलवरचा लुडो घराघरांत शिरला आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्रश्न आला की पैसे लावून खेळला जाणारा लुडो कौशल्याचा की नशिबाचा. हजार वर्षांपूर्वी बगदाद-बसऱ्याच्या मदरशांत ज्या शब्दांत वाद झाला, जवळजवळ त्याच शब्दांत तो फोर्टमधल्या न्यायालयात आला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून ही मोजपट्टीच टाकून दिली. ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोहोंचा, त्यात पैसा लावून पैसा जिंकायचा असेल तर तो बंद. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, तो भाग वेगळा. आम्हाला जाणवते ते हे की कायदा फिरून फिरून त्या जागी आला जिथे कुरआनची आयत आधीपासून उभी होती.

कारण मैसिरवर बंदी आली ती त्यात नशीब होते एवढ्यासाठी नव्हे. आयतीने दिलेले कारण आहे शत्रुत्व आणि द्वेष, आणि अल्लाहच्या स्मरणापासून होणारी फारकत. मैसिर म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी कधी तपशिलात वाचलेले नसते. अरब लोक एक उंट उधारीवर घेत, तो कापत, त्याचे वाटे करत आणि दहा बाण एका पिशवीत घालत. सात बाणांवर एक ते सात असे हिस्से खुणावलेले, तीन बाण कोरे. ज्याचा बाण निघे त्याला तेवढा हिस्सा. ज्यांचे बाण कोरे निघत त्यांनी उंटाची किंमत भरायची. आणि जिंकलेले मांस स्वतः खाणे कमीपणाचे मानून ते गोरगरिबांत वाटले जाई. दुष्काळाच्या थंडीत भुकेल्यांना त्यातून खरोखर अन्न मिळे. सूरह बकरातली आयत, त्यात लोकांसाठी काही फायदेही आहेत पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे, असे जे म्हणते त्याला हा संदर्भ आहे.

आम्ही या जागी पुन्हा पुन्हा थबकतो. ज्या जुगारातून गरिबाचे पोट भरत होते तोही बंद का व्हावा? भुकेल्याचे जेवण बाणाच्या एका टोकावर टांगलेले होते. बाण निघाला तर जेवण, नाही तर नाही. आणि निघाला तरी ते जिंकणाऱ्याची शान वाढवणारे. त्याच्या जागी जे आणले गेले त्याचे नाव जकात. श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा एक ठरलेला, माहीत असलेला हक्क आहे, अशी कुरआनची भाषा आहे. पूर्वी जे दान पडत होते ते हक्क झाले. मराठीत हे वाक्य लिहिताना 'दान' शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच जागे होतात.

पण पैज काढून टाकली तरी मूळ प्रश्न संपत नाही. जिंकणाऱ्याला जिंकण्याचा हक्क कशाने मिळतो? बुद्धिबळाचे अभिमानी म्हणतात, आमच्या पटावर दोघांना सारखीच सोळा मोहरी, सगळे उघड. इथे हरला तो स्वतःच्या चुकीने हरला. चौसष्ट घरांच्या आत हे खरे आहे. पटाच्या चौकटीबाहेर मात्र आम्हाला सुलतान खान दिसतात.

पंजाबचे सुलतान खान सर उमर हयात खान या जमीनदाराच्या आश्रयाला होते. ते हिंदुस्थानी पद्धतीचे बुद्धिबळ शिकलेले, ज्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. १९२९ मध्ये ते धन्याबरोबर विलायतेला गेले, तिथले नियम शिकले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा तेच विजेते. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. १९३३ मध्ये त्याच घरातल्या फातिमा नावाच्या स्त्रीने ब्रिटिश महिला विजेतेपद मिळवले. मग १९३३ च्या अखेरीस धनी परत निघाले आणि सुलतान खानही परत आले. पुढे त्यांची बुद्धी तीच राहिली, पण समोर पट मांडणारे कोणी राहिले नाही. १९६६ मध्ये ते वारले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ मध्ये. फातिमांच्या पुढच्या आयुष्याविषयी तर बुद्धिबळाच्या इतिहासात जवळजवळ काहीच नाही. या दोघांच्या तदबिरीत काय कमी होते? आणि जगात आणखी किती सुलतान खान असतील ज्यांच्या धन्याला विलायतेला जायचे कारणच पडले नाही? त्याहून जुने उदाहरण हवे तर अस-सूली घ्या. अब्बासी खलिफांच्या दरबारातला हा बेजोड खेळाडू. त्याचे नाव पुढे शतकानुशतके उस्तादीची उपमा म्हणून चालले. खलीफा अर-राजीचा ९४० मध्ये इंतकाल झाला, मर्जी फिरली आणि सूली बसऱ्यात हलाखीत मेला. पटावरच्या प्रत्येक चालीचा हिशेब मांडणाऱ्याला त्या एका मृत्यूचा हिशेब मांडता आला नाही.

आता उलट बाजू. फाशाचा खेळ म्हणजे निव्वळ नशीब, हेही आपल्या आजी-नानींनी कधी मान्य केले नसते. पचिशीत कवड्या काय पडल्या हे हातात नाही. पण त्या दानावर कोणती सोंगटी चालवायची, कोणाला मारायचे, कोणती फुलीच्या घरात बसवून ठेवायची, हे सगळे हातात असते. चांगला खेळाडू वाईट दानही वाया घालवत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट बसण्याच्या पद्धतीत आहे. पचिशी जोडीने खेळतात. समोरासमोरचे दोघे एका बाजूचे, आणि दोघांच्याही सगळ्या सोंगट्या पिकल्याशिवाय कोणी जिंकत नाही. तुमच्या चारही घरात गेल्या आणि जोडीदाराची एक सोंगटी पटावर एकटी अडकली, तर तुम्ही अजून हरू शकता. म्हणून मुरलेला खेळाडू आपली शेवटची सोंगटी घाईने घरात नेत नाही. तो तिला बाहेर ठेवतो, शत्रूची वाट अडवतो, जोडीदाराचा रस्ता मोकळा करतो. ज्याला चांगली दाने पडली त्याने वाईट दाने पडलेल्यासाठी थांबायचे, ही तिथे दयेची गोष्ट नसून जिंकण्याची अट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी पचिशीचा लुडो केला. कवड्या जाऊन चौकोनी फासा आला, ठीक आहे. पण जोडीही गेली. चार रंग, चौघे एकमेकांचे वैरी, सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेरच निघायची नाही. मग आपल्या घरांतल्या मुलांनी काय केले? त्यांनी लुडोत पुन्हा जोड्या पाडल्या, आणि जोड्या नसतील तेव्हा तह केले. "मला मारू नको, मी तुला दोन डाव मारणार नाही." नियमपुस्तिकेत हे कुठेही नाही. फासा आणि अक्कल या दोहोंच्या पलीकडे हा तिसरा पदार्थ आहे, आणि आमचे म्हणणे असे की तकदीर-तदबिरीच्या हजार वर्षांच्या वादात त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. मसऊदीच्या पंडितांसमोर दोघांचे खेळ होते. दोघांत तहाला फारसा वाव नसतो; तिसरा माणूस आला की बोलणी सुरू होतात.

पुण्या-मुंबईची मुले आता ज्या जर्मन खेळात रमतात तो कातान हा १९९५ चा खेळ याचाच विस्तार आहे. दोन फासे टाकायचे, बेरजेनुसार ज्याच्या त्याच्या वाट्याला लाकूड, विटा, धान्य, लोकर, खनिज येते. छत्तीस शक्यतांपैकी सात ही बेरीज सहा प्रकारांनी येते, दोन किंवा बारा फक्त एकेका प्रकाराने. हुशार मुलगा वस्ती कुठे करायची हे त्यावरून ठरवतो. तरी सगळे काही स्वतःच्या जमिनीतून कोणालाच पुरेसे मिळत नाही, म्हणून अदलाबदल करावी लागते. तिथे एक गंमत दिसते. जो फार पुढे जातो त्याच्याशी बाकीचे सौदा करायला नकार देतात.

नकार देता येणे, हा या सगळ्याचा गाभा आहे. आपल्या लहानपणचा 'व्यापार' आठवा. त्या खेळाची मूळ कल्पना एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंची; १९०४ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. जमिनीची मक्तेदारी माणसांचे काय करते हे लोकांना कळावे म्हणून त्यांनी तो बनवला होता, आणि त्यात नियमांचे दोन संच ठेवले होते. एका संचात एकाने सगळ्यांना भिकेला लावायचे; दुसऱ्यात कोणाच्याही कमाईचा लाभ सर्वांना पोहोचायचा. १९३५ मध्ये मोनोपॉली म्हणून तो बाजारात गाजला तेव्हा पहिला संच राहिला, दुसरा गळून पडला. आपल्याकडे मुंबई-दिल्ली-कलकत्त्याच्या नावांनी आला तोही पहिलाच. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत फासा ज्याला चांगल्या शहरांवर नेतो तो विकत घेतो, आणि पुढचा तासभर बाकीचे त्याला भाडे भरतात. नंतर होणाऱ्या बोलण्यांना आम्ही सौदा म्हणायला तयार नाही. ज्याच्याजवळ रोकड आहे तो थांबू शकतो. ज्याला पुढच्याच घरावर भाडे भरायचे आहे तो थांबू शकत नाही. दोघे 'राजी-खुशीने' करार करतात. कुरआनने व्यापाराला परस्पर रजामंदीची अट घातली आहे आणि मजबुरीत केलेल्या विक्रीची चर्चा फकीहांनी केली आहे, ती याच कारणाने. रजामंदी तोंडातून निघालेल्या होकारात नसते. नाही म्हणण्याची ऐपत होती की नाही, यात असते.

हे पटापुरते राहिले असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. मेहर ठरवण्याच्या बैठका आपण पाहतो. निकाह हा करार आहे, हे आपण इतर धर्मीय मित्रांना छाती फुगवून सांगतो. मग त्या करारातली एक बाजू आतल्या खोलीत असते आणि बाहेर दोन्हीकडचे बुजुर्ग जुन्या रिवाजाचा आकडा लिहून मोकळे होतात. निकाहनाम्यात अटी घालता येतात, हे तिला कोणी सांगितलेले नसते. वकील आणि साक्षीदार होकार विचारायला जातात तेव्हा मंडप भरलेला, बिर्याणी दमावर असते. त्या क्षणी नाही म्हणायची ऐपत किती मुलींजवळ असेल? पुढे संसार बिघडला की तीच बुजुर्ग मंडळी म्हणतात, मुकद्दर!

समाज म्हणून आपले बोलणेही असेच चालते. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये महाराष्ट्रापुरता महमूदुर रहमान समितीचा आला. त्यानंतर आपल्या सभांमधून दोन प्रकारची भाषणे ऐकू येतात. एक म्हणते, जे आहे ते रब की मर्जी, सब्र करा. दुसरे, बहुधा शिकून स्थिरावलेल्यांचे, म्हणते की आम्ही शिकलो तसे यांनी शिकावे. मोहल्ल्यातली पोरे नाक्यावर बसतात, दुसरे काय होणार. पहिला वक्ता सगळ्या जगाला नर्द समजतो, दुसरा बुद्धिबळ. पहिल्याला आम्ही उंटाचा दाखला देऊ, जो आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर सोपवायचा असे पैगंबर (स.) यांनी सांगितल्याचे तिर्मिजीत आले आहे. दुसऱ्याचा दोष आम्हाला अधिक खटकतो, कारण त्याच्या बोलण्यात अक्कल आहे आणि तो आपल्यातलाच आहे. त्याला कोणत्या फेरीत कोणते दान पडले होते, हे तो विसरला आहे. एखादा मामा शहरात होता, एखाद्या मास्तरांनी फी भरली, दंगलीच्या वर्षी घर दुसऱ्या गल्लीत होते. यांतले काहीही त्याच्या तदबिरीत बसत नाही.

व्यापार खेळणारी मुले आम्ही बारकाईने पाहिली आहेत. अर्ध्या तासात एखादा भाऊ दिवाळखोर होतो आणि उठून जायला निघतो. तेव्हा बहुधा जिंकणारी बहीणच त्याचा हात धरून खाली बसवते. "थांब, तुला बँकेतून पाचशे देऊ. भाडं पुढच्या फेरीला दे." वाटाघाटी होतात, कोणी तरी कुरकुरते, मग चौघे मान्य करतात आणि तो पाचशेचा कागद पुढे सरकतो. दिवाणावरून एखादे मोठे माणूस ओरडते की हे नियमात नाही. मुले वर पाहतही नाहीत. फासा आधीच पुढच्याच्या हातात गेलेला असतो.